आधी बोट, मग माशी: पिस्तूल नेमबाजीत पहिली पावलं

"काकू, साइट बघायची कशाला? बोट दाखवतो तसं पिस्तूल रोखलं की झालं ना!"

रेंजवर नवीन आलेल्या सातवीतल्या एका मुलाने परवा मला हे विचारलं. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आजोबांनाही तोच प्रश्न पडलेला दिसत होता. इंदुरातल्या आपल्या मराठी घरांतून हल्ली बरीच मुलं, त्यांच्या आया आणि निवृत्त झालेली काही काकामंडळी एअर पिस्तूल शिकायला येतात. पॅरिसला मनू भाकरने २०२४ मध्ये दोन कांस्यपदकं मिळवली, तेव्हापासून विचारपूस वाढली आहे. त्या सगळ्यांना मी तोंडी जे सांगते ते इथे लिहून ठेवते. मुलाचा प्रश्न बाळबोध नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते. जगभरचे जाणते लोक त्यावर जवळजवळ शंभर वर्षं भांडत आले आहेत.

वाद आहे कशाचा

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला उभा तुकडा असतो, त्याला आपण माशी म्हणतो. मागे चौकोनी खाच असते. दोन्ही मिळून झाली साइट. माशी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि माशीचा माथा खाचेच्या काठाशी समपातळीत असा मेळ जुळला की मगच चाप दाबायचा, हा झाला साइट लावून मारलेला नेम. पॉइंट शूटिंगमध्ये नजर निशाणावर खिळलेली असते. माशीकडे पाहायचंच नाही. गर्दीत ओळखीचा माणूस दिसला की आपण बोट दाखवतो, तेव्हा बोट बरोबर त्याच्यावर जातं, त्याच उपजत जाणिवेवर हात रोखायचा.

ही दुसरी पद्धत कुणा हौशी माणसाने काढलेली नाही. १९२० आणि ३० च्या दशकांत शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत फेअरबर्न आणि साइक्स या दोघांनी ती शिपायांना शिकवली. तिथल्या चकमकी अंधाऱ्या बोळांत, चार-पाच पावलांवर आणि क्षणार्धात व्हायच्या. माशी शोधायला ना उजेड होता ना वेळ. पुढे दुसऱ्या महायुद्धात फेअरबर्नने कमांडोंना हेच शिकवलं, आणि अमेरिकन फौजेत अ‍ॅपलगेटने तोच कित्ता गिरवला. मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जॅक वीव्हर नावाच्या पोलिसाने दोन्ही हातांनी पिस्तूल डोळ्यांसमोर आणून, माशी पाहून बार काढायला सुरुवात केली, आणि कमरेवरून झाडणाऱ्यांना स्पर्धांत हरवलं. नेमबाजी शिकवणाऱ्या जेफ कूपरने त्याच्या पद्धतीला शास्त्राचं रूप दिलं. तेव्हापासून दोन तट पडले ते आजही आहेत.

आपण खेळ शिकतो आहोत. आपल्याला कुणाशी चकमक करायची नाही. पण या वादाचा उलगडा ज्याला नीट होतो त्याचा हात लवकर तयार होतो, असा माझा अनुभव आहे. आणि उलगडा साध्या हिशेबाने होतो.

मनगट दोनच अंश वाकडं झालं असं धरा. तीन मीटरवर नेम साधारण दहा सेंटिमीटर चुकेल. दहा मीटरवर पस्तीस सेंटिमीटर, आणि पंचवीस मीटरवर सत्त्याऐंशी. शांघायच्या बोळात माणसाच्या आकाराच्या निशाणाला दहा सेंटिमीटरची चूक खपून जाते. आपल्या एअर पिस्तुलाच्या लक्ष्यपत्रावर मधलं, दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. काळा भाग सगळा मिळून ५९.५ मिलिमीटर. दहा मीटरवरून तिथे नुसत्या अंदाजाने पोचणं कुणालाच जमत नाही. म्हणून आपल्या खेळात माशीला पर्याय नाही, आणि तरीही बोटाचा अंदाज टाकून द्यायचा नाही. पिस्तूल लक्ष्यापाशी आणून ठेवायचं काम अंगाने करायचं, आणि शेवटची खात्री डोळ्याने माशीवर करायची. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पिस्तूल हातात घेण्याआधी

कायद्याची गोष्ट आधी. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या हवाई पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट टू टूसारखं (०.२२ इंच नळीचं) बारूदाचं पिस्तूल आलं की १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो, परवाना लागतो. नवख्याने पहिलं वर्षभर तरी क्लबच्याच एअर पिस्तुलावर शिकावं. मोरिनी, श्टायर, वॉल्थर, पार्दिनी ही पिस्तुलांच्या कंपन्यांची नावं कानावर पडतील, चांगलीच आहेत, पण स्वतःचा हात कसा आहे हे कळायच्या आत घेतलेली मूठ पुढे बदलावी लागते. माझं मत विचाराल तर पहिला खर्च चांगल्या सपाट तळाच्या बुटांवर करा.

परवाना लागत नाही याचा अर्थ खेळणं आहे असा नाही. साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. डोळा जायला तेवढं पुरतं. पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून वागायचं. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. माशी लागेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे माहीत असल्याशिवाय बार नाही. पुढे कुणी गेलं असेल तर पिस्तूल टेबलावर, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालायचा रंगीत दोरा), आणि हात मागे. यात मी कुणालाही सूट देत नाही, मग तो सात वर्षांचा असो की सत्तरीचा. आमच्याकडे खंडेनवमीला पिस्तुलाची पेटी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतो, तेव्हासुद्धा नळीत तो लाल-पिवळा दोरा घातलेला असतो.

उभं राहणं: इथे बोटाचा अंदाज कामी येतो

उजव्या हाताने मारणाऱ्याने उजवी बाजू लक्ष्याकडे करून उभं राहायचं, अगदी काटकोनात किंवा थोडं पुढे वळून. पाय खांद्यांइतके फाकलेले, वजन दोन्हीवर सारखं. डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून टाकायचा, म्हणजे तो लोंबकळून अंग हलवणार नाही. मान सरळ. डोकं पिस्तुलाकडे झुकवायचं नाही, पिस्तूल डोळ्यापाशी यायला हवं.

आता न भरलेलं पिस्तूल उचला, लक्ष्यावर रोखा, आणि डोळे मिटा. हात खाली आणा, दोन श्वास घ्या, डोळे मिटलेलेच ठेवून पुन्हा जसा सहज येईल तसा हात वर न्या. स्थिरावल्यावर डोळे उघडा. पिस्तूल कुठे रोखलेलं आहे?

बहुतेकांचं शेजारच्या लक्ष्यावर असतं. इथे सगळे एकच चूक करतात, हात ओढून काळ्यावर आणतात. तसं करू नका. हात ओढला की खांद्याचा स्नायू ताणून धरावा लागतो, आणि चाप सुटायच्या क्षणी तो स्नायू सैल पडून हात आपल्या मूळ जागी पळतो. हाताला हात लावायचा नाही, पाय सरकवायचा. डोळे उघडल्यावर पिस्तूल उजवीकडे दिसलं तर मागचा डावा पाय टाचेच्या दिशेला दोन बोटं सरकवा. डावीकडे दिसलं तर पायाच्या बोटांच्या दिशेला. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा उचला. पाच-सहा फेऱ्यांत पिस्तूल आपोआप काळ्याखाली येऊन थांबू लागतं. मग पायांभोवती खडूने रेघ मारून ठेवा.

फेअरबर्नचे शिपाई ज्या जाणिवेवर विसंबायचे ती हीच. फरक एवढाच की ते तिथे थांबत, आणि आपलं काम तिथून पुढे सुरू होतं. रोज सरावाच्या आधी हा डोळे मिटण्याचा प्रयोग दहा वेळा करायचा. घाई असली तर छर्रे कमी मारा, पण हा वगळू नका.

पकड

हस्तांदोलन करतो तशी. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा मुठीत वरपर्यंत घट्ट बसला पाहिजे. दाब मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, सरळ पुढून मागे. करंगळी आणि अंगठा नुसते टेकलेले. मनगट कुलूप लावल्यासारखं. किती घट्ट, असं विचारतात. जेवढं घट्ट शेवटपर्यंत तेवढंच ठेवता येईल तेवढं. दाब मध्येच बदलला की माशी खाचेतून सरकते.

पकड बरोबर बसली की नाही हेही डोळे मिटूनच कळतं. डोळे उघडल्यावर माशी खाचेत डावीकडे किंवा उजवीकडे गेलेली असेल, तर मनगटाने दुरुस्त करू नका. पिस्तूल डाव्या हातात घ्या, उजवी मूठ पुन्हा नव्याने बसवा.

माशी पाहायची म्हणजे नक्की काय

माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. खाच, माशी आणि लक्ष्य ही तीन वेगळी अंतरं. त्यातली माशी स्पष्ट हवी, कडा सुरीसारखी. खाच किंचित धूसर, आणि लक्ष्याचं काळं पुसट, शाई फुटल्यासारखं. नवख्याला हे पटत नाही. ज्यावर मारायचं तेच पुसट कसं चालेल?

पुन्हा हिशेब करू. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर छर्रा लक्ष्यावर तीस मिलिमीटर सरकतो. दहाचा सात होतो. उलट, खाचेतली माशी जागेवर असेल आणि सगळा मेळ मिळून काळ्याखाली डुलत असेल, तर जेवढं डुलणं दिसतं तेवढीच चूक कागदावर उतरते. दिसणारं डुलणं एकपट, आणि न दिसणारी सरक तीसपट. डोळा कुठे ठेवायचा हे यावरून ठरतं.

काळ्याच्या मध्यावर रोखू नका. काळ्या माशीला काळा गोल मिळाला की कडा दिसत नाही. काळ्याखाली पांढऱ्यावर रोखा, मध्ये पांढरी फट ठेवा. साइट तशी जुळवून घेता येते, म्हणजे छर्रा वर मध्ये जातो. दुसरा डोळा मिटून आवळू नका, चेहरा आखडतो. चष्म्याला अर्धपारदर्शक पट्टी लावा. स्पर्धेत ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते.

माझीच गोष्ट सांगते. शिकायला लागल्यावर पहिले तीन महिने माझे छर्रे सगळ्या कागदभर पसरायचे. मला वाटायचं माझा हातच कच्चा आहे. आमचे उस्ताद महूच्या फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी काही न बोलता लक्ष्यपत्र उलटं लावलं. समोर नुसता कोरा पांढरा कागद. म्हणाले, "आता मारा दहा." काही रोखायलाच नव्हतं, म्हणून नजर आपोआप माशीवर राहिली. कागद ओढून आणला तर दहाही भोकं माझ्या तळहाताखाली झाकतील एवढ्यात बसली होती. काळं दिसलं की माझी नजर तिकडे पळायची, आणि नजर गेली की माशी सरकायची. हातात काही खोट नव्हती. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिला आठवडा कोऱ्या कागदावरच मारतो. मुलं कुरकुरतात, आकडे कुठे म्हणून विचारतात. आठवड्याने काळं लावलं की त्यांचं त्यांनाच कळतं.

चाप

एअर पिस्तुलाच्या चापाला कमीत कमी ५०० ग्रॅम वजन लागतं, तेही तपासतात. चापाला दोन टप्पे असतात. पहिला मोकळा, दुसऱ्यावर अडतो. हात वरून खाली काळ्याकडे उतरत असतानाच पहिला टप्पा घ्यायचा. श्वास अर्धा सोडून थांबायचं. मेळ जुळू लागला की दुसऱ्या टप्प्यावर दाब वाढवत न्यायचा, सरळ मागे, बोटाच्या पेराने. 'आता!' असं म्हणून दाबायचं नाही. माशी मध्ये ठेवायचं काम चालू असताना बार आपसूक सुटला पाहिजे.

पाच ते आठ सेकंदांत सुटला नाही तर हात खाली. डोळा थकतो, माशी स्पष्ट असल्याचा भास होतो आणि हात थरथरू लागतो. साठ बारांना ७५ मिनिटं असतात. हात खाली आणायला वेळ पुष्कळ आहे. पण धीर लागतो, आणि मोठ्या माणसांना तो मुलांपेक्षा कमी असतो असं मी पाहिलं आहे.

बार सुटल्यावरही एक-दोन सेकंद माशीवरच नजर. कागद बघायला मान उचलली की छर्रा नळीतून जाण्याआधीच हात उचललेला असतो. सुटला तेव्हा माशी कुठे होती ते मनात म्हणा, 'जरा डावीकडे', 'खाली', आणि मग बार कुठे लागला ते दाखवणाऱ्या पडद्यावर बघा. सांगितलेलं आणि लागलेलं जुळायला लागलं की तुम्ही खरंच माशी पाहताय.

उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे डावीकडे खाली जमू लागले तर बहुधा चाप हिसकला जातोय. त्यावर उस्तादांचा उपाय असा की पिस्तूल त्यांनी भरायचं, कधी छर्रा घालून, कधी न घालता, आणि माझ्या हातात द्यायचं. छर्रा नसलेल्या वेळी चाप दाबला की माशी खाली दचकलेली मला स्वतःला दिसायची. घरी न भरलेल्या पिस्तुलावर पांढऱ्या भिंतीसमोर रोज पंधरा मिनिटं चाप दाबण्याचा सराव करा. छर्रे त्या खोलीतसुद्धा नकोत.

वेग आला की

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा उरलेला भाग. पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात अर्धे बार जलद मारायचे असतात. हात ४५ अंश खाली, लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं, पुन्हा तीन सेकंद. एका वेळेला एकच बार. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. पुरुषांच्या जलद पिस्तुलात तर पाच लक्ष्यांवर पाच बार, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. २०१२ ला लंडनमध्ये त्यातलं रौप्य मिळवलेले विजय कुमार इथून तासाभरावरच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडले.

चार सेकंदांत पाच वेळा माशी शोधत बसायला वेळ कुठून येणार? इथे अंगाची सवय लागते. हात खालून उठतो तोच बरोबर रेषेत, कारण पाय, खांदा, मूठ सगळं आधीच बसलेलं आहे. हात वर येता येता नजर लक्ष्यावरून माशीवर येते, बोट चाप घ्यायला लागलेलं असतं, आणि वर पोचल्यावर माशी मध्ये असल्याचं ओझरतं दिसलं की बार. कूपर ज्या ओझरत्या साइटबद्दल सांगत असे ते हेच. निशाणही त्या मानाने मोठं असतं. जलद बारांच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं आहे. अंतराचा हिशेब धरला तरी एअर पिस्तुलाच्या दहापेक्षा साधारण साडेतीनपट. वेळ कमी दिला तर निशाण मोठं केलं, एवढा न्याय नियमांत आहे.

नवख्याने वेगाकडे केव्हा वळावं? कोऱ्या कागदावरचा भोकांचा जमाव लहान झाला, डोळे मिटून उचललेलं पिस्तूल दहापैकी आठ वेळा जागेवर येऊ लागलं, आणि बार कुठे गेला हे न बघता सांगता येऊ लागलं, की मग. त्याआधी भरभर मारणाऱ्याच्या हाताला दचकण्याची सवय लागते, आणि ती घालवायला मला लागले त्याहून जास्त महिने लागतात. वेगाचा सराव पहिल्यांदा न भरलेल्या पिस्तुलाने करा: हात ४५ अंशांवर, कुणीतरी तीन सेकंद मोजायचे, हात वर, माशी दिसली का? एवढंच बघायचं. कमरेवरून, माशी न पाहता छर्रा सोडून बघायचा मोह रेंजवर कुणालाही होऊ देऊ नका. शेजारी दुसरी माणसं उभी असतात.

दिवस आवरताना

शेवटचा बार झाला की नळी रिकामी दाखवा, फ्लॅग घाला, पिस्तुलाला जोडलेल्या सिलिंडरची हवा तपासा, आणि त्याच्यावरची मुदतही कधीतरी बघून ठेवा. मग वहीत तीन ओळी: डोळे मिटून किती वेळा बरोबर आलं, किती वेळा हात खाली आणला, आणि सांगितलेले किती बार जुळले. आकडे लिहायचे असतील तर त्याखाली.

आणि हात साबणाने घासून धुवा, नखांतसुद्धा. छर्रे शिशाचे असतात आणि बोटांना काळपट लागतात. इंदुरात रेंजवरून निघालं की पाय पोहे-जलेबीच्या गाडीकडे वळतातच, म्हणून मी मुलांची बोटं उलटी करून बघते, तेव्हाच बाहेर सोडते.